तेवीस वाव दोरी

कुमासी,
रविवार, १२ जानेवारी २००३

बोआदू,

तुझा निरोप पोचला. लॉरीवाल्या ओपोकूनं तो आमच्या शाळेच्या फाटकाशी, पहारेकऱ्यासमोरच, तुझ्या आवाजाची नक्कल करून सांगितला. ज्यानं तळ्यात लोखंड टाकलं त्यानं तळ्यासमोर उभं राहून तोंडानं सांगावं, मग येईन. तोवर म्हातारीनं वाट पाहू नये. एवढं बोलून तो पुन्हा आपल्या आवाजात आला आणि म्हणाला, "मॅडम, मी फक्त लॉरी चालवतो, माझ्याकडे असं बघू नका." मग त्यानं तू दिलेला सुक्या माशांचा पुडा काढून दिला. आईला मी दोन्ही दिलं, निरोप आणि मासे. ती म्हणाली, "जीभ मामाची घेतलीय, हात माझे."

आई नोव्हेंबरपासून माझ्याकडे कुमासीला आहे. पाय सुजून खांबासारखे झालेत. डॉक्टर म्हणतात अंगात पाणी साठतंय. आई म्हणते, तळ्याकाठी जन्म काढला, कुठंतरी साठणारच की. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पावसाळ्यापर्यंत धरून चाला, पुढचं धरू नका. हे तिला सांगितलेलं नाही, पण तिला कळलेलं आहे. ती औषध मागत नाही. रस्त्यावर लॉरी थांबली की "बोआदूच्या येजीची का?" एवढंच विचारते. तिला एकदा न्सुआनोला, तळ्याकाठच्या आपल्या गावी, जायचंय आणि तिथं तू असावास असं तिला वाटतं. दुसरं काही मागत नाही.

माझं नेहमीचंच चाललंय. वर्गात भूगोल, घरी वह्या. शिवाय एक काम अंगावर घेतलंय, खरं तर घ्यायला नको होतं. पर्यटनाच्या एका कार्यालयाला देशातल्या पाहण्याजोग्या तळ्यांवर पुस्तिका हवी आहे. संपादक अमेगाशी म्हणून आहेत, पूर्वेकडचे, सभ्य गृहस्थ. प्रत्येक तळ्याला दोन पानं: कसं जाल, काय पाहाल, खोली किती, कुठं राहाल. आपल्या बोसुम्त्वीवर मी नमुन्याचं पान लिहून दिलं, त्यात मामाचं नाव चार वेळा आलं. त्यांनी विचारलं, मामाला एवढं महत्त्व कशाला? त्यांच्याकडे घराणं बापाकडून चालतं. मी म्हटलं, आमच्याकडे आईकडून चालतं, त्यामुळे घरात शब्द मामाचा. ते म्हणाले, मग मामा कापा, वाट दाखवा.

तू म्हणतोस त्याविषयी. अठ्ठावीस वर्षांनी कोणी टाकलं हे आता कोण सांगणार? तेव्हाची निम्मी माणसं गेली. धुक्यात तुझी मासे धरायची फळी पाण्यावर पाहिली असं पंचांपुढे सांगणारी शेजारची मामे पोमासुद्धा तीन वर्षांपूर्वी गेली. शिवाय लोखंडाचा तो नियम तरी कुठं राहिलाय? अबोनोच्या काठाला पाहुण्यांसाठी मोटारबोट बांधलेली असते. बायका पत्र्याच्या बादल्यांनी पाणी भरतात. लोखंड रोज पाण्याला लागतं आणि कोणाला गाव सोडावं लागत नाही. मग तूच का ते धरून बसावंस? आईकडे बघ आणि ये.

सेरवा

ता. क. मी पाठवते त्या प्रत्येक पत्राची नक्कल वहीत ठेवते, तुला सवय माहीत आहे. नक्कल करताना "कोण सांगणार" या वाक्याशी थांबले. खोडलं नाही. पण थांबले, हे तुला कळवते.


न्झुलेझो,
गुरुवार, ३० जानेवारी २००३

बोआदू,

तुझं उत्तर नाही. ओपोकू म्हणतो, पत्र तू त्याच्यासमोर वाचलंस, घडी करून खिशात ठेवलंस आणि त्याच्या गाडीची चाकं तपासायला लागलास.

मी देशाच्या दुसऱ्या टोकाला आहे. हे अख्खं गाव अमान्सुरी तळ्यात खांबांवर उभं आहे. घरं, शाळा, चर्च, सगळं लाकडी. पाणी काळ्या चहासारखं. काल होडीनं आले. आज परतायचं होतं, पण गुरुवारी यांच्या तळ्यावर होडी घालत नाहीत, तो तळ्याचा वार. हे मला माहीत होतं, पुस्तिकेत लिहिलेलंही होतं, तरी स्वतःचा दिवस ठरवताना विसरले. दुसऱ्यांच्या तळ्याचे नियम लोकांनी पाळावेत म्हणून लिहायचे, आपण पाळायचे म्हणून लक्षात ठेवायचे नाहीत, असा माझा स्वभाव झालाय का, हे सकाळपासून स्वतःला विचारते आहे.

मी जिच्या घरी उतरले ती याबा पन्नाशीची असेल. खोलीचं भाडं घेते आणि गप्पा फुकट देते. यांचे पूर्वज एका गोगलगाईच्या मागे चालत इथवर आले म्हणतात. मी विचारलं, खरंच? ती म्हणाली, म्हणून तर पोचायला इतकी वर्षं लागली. दुपारी मी फळकुटावर पाय सोडून लिहीत बसले होते, तर मासे निवडता निवडता ती म्हणाली,

"कोणाला एवढं?"

"भावाला."

"भांडण झालंय?"

"नाही."

"मग इतकं लांब कशाला? भांडण नसलं की माणूस दोन ओळी लिहितो. बरी आहे, पैसे पाठव."

मी हसले. ती हसली नाही.

त्यामुळे एक सांगते. त्या पहाटे मी काठावर होते. चौऱ्याहत्तरचा ऑगस्ट, मी शाळेच्या सुट्टीला आले होते, पंधरा वर्षांची. तुझी फळी पाण्यात गेली ते मला माहीत होतं आणि तिच्यावर तू नव्हतास तेही माहीत होतं. तू त्या वेळी आईच्या स्वयंपाकाच्या आडोशाला झोपला होतास, कारण आदल्या दिवशी तुला ताप होता. हे मी पंचांपुढे बोलू शकले असते. माझी त्या महिन्याची वही इथं सोबत आहे. तळ्यांसाठी म्हणून आणली, असं मी स्वतःला सांगितलं. तिच्यात तुझ्या जाण्याच्या दिवशी तीन वाक्यं आहेत. "आज मासे नाहीत. तळलेली केळी खाल्ली. बोआदू गेला." वही कोणी वाचणार नव्हतं. तिला तरी खरं सांगायला काय हरकत होती?

अमेगाशींचा निरोप आहे: बोसुम्त्वीची खोली लिहायची राहिलीय, पाठवा.

उद्या पहाटे पहिल्या होडीनं निघते. आईजवळ शेजारीण आहे.

सेरवा


मकोंगो,
रविवार, १६ फेब्रुवारी २००३

बोआदू,

काल मी येजीत होते.

व्होल्टाचं पान लिहायला यावंच लागणार होतं. आमच्या यादीत सर्वात मोठं तळं तेच. धरणाचं पाणी चढत गेलं तेव्हा झाडं कोणी तोडली नाहीत, ती अजून तशीच उभी आहेत, सांगाड्यासारखी, आणि त्यांच्यामधून लाँच हळूहळू जाते. फेरीबोटीच्या धक्क्याजवळ तुझं दुकान लोकांनी न विचारता दाखवलं. "बोआदू मास्टर? तो काय, पाटी बघा." पाटीवर बोटीचं इंजिन काढलंय आणि खाली लिहिलंय, "लोक बोलतातच". रंग उडालाय.

तू पाठमोरा होतास. अंगात बनियन, कोपरापर्यंत काळं तेल. एका कोळ्याचं इंजिन उलटं टांगून तू त्याला रागावत होतास, की यात रॉकेल घालायचं, ताडी नव्हे. तो म्हणाला, मास्टर, ते आणि मी एकाच बाटलीतून पितो. तू हसलास. तुझं हसू तसंच आहे, आधी खांदे हलतात. मी सहा-सात पावलांवर होते. फेरीबोटीचा भोंगा झाला आणि मी वळून बोटीत जाऊन बसले. तिकीटही काढलेलं नव्हतं, आत काढलं. या काठावर आले. रात्रीच्या मुक्कामाला खोली मिळाली, तिथून लिहिते आहे. अठ्ठावीस वर्षांनी भावापासून सात पावलांवर जाऊन मी तळं ओलांडून आले आणि आता त्याच्याशी कागदावर बोलते आहे. यापुढे स्वतःची बाजू मांडायला मला तोंड नाही, म्हणून सरळ लिहिते.

लोखंड मी टाकलं.

त्या वर्षी शाळेत नद्या-तळी शिकवली होती. बाईंनी विचारलं, बोसुम्त्वीची खोली कोणाला माहीत आहे? ज्या तळ्याकाठी मी जन्मले त्याची खोली मला सांगता आली नाही आणि वर्ग हसला. सुट्टीत आल्यावर मी मामाच्या कोको खरेदीच्या कोठीतून पोत्यांची सुतळी घेतली. तिच्यावर एकेक वाव, म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढ्या, अंतरावर शाळेच्या निळ्या शाईनं खुणा केल्या. तराजूचं चार पौंडाचं लोखंडी वजन उचललं. लाकडाचा तुकडा बुडत नाही, मातीचं मडकं दोरीला धरत नाही, दगडाला गाठ बसेना. वजनाला कडी होती. तळ्याला लोखंड लागू द्यायचं नाही हे मला तुझ्याइतकंच माहीत होतं. गळसुद्धा तू हाडाचा वापरायचास. पण मी शिकलेली होते. मला वाटलं, हे आपल्या लोकांचं काहीतरी आहे.

उजाडण्याआधी तुझी फळी ढकलली. तू निजायचास तशी पालथी पडून हातांनी पाणी कापत गेले. मेलेल्या झाडांच्या रांगेपलीकडे थांबून दोरी सोडली. एक, दोन, तीन, मोठ्यानं मोजत. तेविसाव्या खुणेला दोरी सैल झाली. तळ लागला म्हणून मला इतका आनंद झाला की मी पाण्यात थाप मारली. मग ओढली, तर हलकी आली. टोकाला नुसता फास होता.

तळ लागून दोरी सैल झाली की गाठ सुटून, हे मला आजही माहीत नाही.

दोरी गुंडाळून मी तुझ्या फळीच्या फटीत खोचली, का ते ठाऊक नाही, हातात ठेवायची भीती वाटली असेल. मग दोन आठवडे मासे गेले. कुजका वास आला. पाणी चढत चढत खालच्या ओळीतली चार घरं घेऊन गेलं, त्यात आपलं स्वयंपाकघर. मामाचं वजन हरवल्याचा बोभाटा झाला, मामे पोमानं फळी पाहिल्याचं सांगितलं, आणि झाडाखाली पंच बसले. तुला विचारलं, तू होतास का? तू हो म्हणाला नाहीस, नाही म्हणाला नाहीस. तू म्हणालास, "फळी माझी आहे." मेंढा देऊन माफी माग म्हणाले, तर म्हणालास, न केल्याची माफी मला मागता येत नाही. आणि तू माझ्याकडे पाहिलंस. मी आपल्या पायांच्या बोटांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी तू कोकोच्या लॉरीवर चढलास.

मी मुलींना शिकवते की त्या तळ्याला बाहेर जायला वाट नाही, पाऊस जास्त झाला की ते चढतं. तळाशी साचलेला वायू वर आला की मासे मरतात. हे सगळं खरं आहे. या खऱ्याच्या आड मी इतकी वर्षं बसले. म्हणायची, जे पापच नव्हतं त्याची कबुली कसली द्यायची? पण पाप नव्हतं, तर शिक्षा तुला का झाली, हा प्रश्न मी पुढे कधी नेला नाही. मी नियम मानत नव्हते, म्हणून गप्प राहणं मला स्वस्त पडलं. तू नियम मानत होतास आणि मोडला नव्हतास.

पत्र वाचून पाहिलं. यातही मी शिकवते आहे. थकले, बोआदू.

सेरवा


न्सुआनो,
रविवार, ९ मार्च २००३

बोआदू,

आधी एक कबुली. मकोंगोचं पत्र मी टाकलंच नाही. तीन आठवडे पर्समध्ये घेऊन फिरले. ते या पत्रासोबत ओपोकूच्या हाती देते आहे. दोन्ही त्याच क्रमानं वाच.

काल मी तळ्यासमोर तोंडानं सांगितलं.

आईला गुरुवारी इथं आणलं. कड्यावरून खाली उतरताना तळं दिसलं तेव्हा तिनं ओपोकूला गाडी थांबवायला लावली. मग म्हणाली, "वाढलंय." ओपोकू म्हणाला, "कोण, तळं?" ती म्हणाली, "माझं वय. तळं आहे तेवढंच आहे."

मामा आता अठ्ठ्याऐंशीचा आहे. डोळ्यांना फक्त उजेड-अंधार कळतो. तळ्याचा पुजारीही नवा आहे, जुन्याचा भाचा, तिशीतला. अंगात फुटबॉल संघाचा शर्ट आणि त्यावरून खांद्यावर कापड. मी त्याच्याकडे जाऊन सांगितलं की मला काठावर चार माणसांसमोर एक गोष्ट सांगायची आहे. त्यानं विचारलं, पुस्तिकेसाठी का? मी म्हटलं, नाही. मग त्यानं तळ्याला वाहायला दोन अंडी आणि जिन दारूची बाटली आणायला सांगितली आणि मोबाइल बंद करून खिशात ठेवला.

सकाळी काठावर मामा, पुजारी, तीन म्हातारे आणि खुर्चीत बसवलेली आई. मी चपला काढून घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिले. काय बोलायचं ते वहीत लिहून पाठ केलं होतं. तोंड उघडलं आणि त्यातलं एकही वाक्य आठवेना. मी एवढंच ओरडले की चौऱ्याहत्तर साली या पाण्यात लोखंड मी टाकलं, बोआदूनं टाकलं नाही, त्याची फळी मी न विचारता नेली होती.

मामा म्हणाला, "एवढं ओरडू नकोस. तळं बहिरं नाही, मीपण नाही."

मी वळून पाहिलं तर आई कापडाची कड बोटाला गुंडाळत होती. मामानं काठी वाळूत रोवली आणि म्हणाला,

"दोरी मला सापडली होती. त्याच दिवशी, फळीच्या फटीत. तिच्यावर शाई होती. गावात शाई कोणाकडे होती, सेरवा? पुजाऱ्याकडे?"

मी विचारलं, दोरीचं काय केलंस? तो म्हणाला, चुलीत घातली. मी विचारलं, मग पंचांपुढे का बोलला नाहीस?

"मुलगा गेला तर एक माणूस जातं," तो म्हणाला. "मुलगी गेली तर घराणं जातं. तुझ्या आईला दुसरी मुलगी नव्हती. मला दुसरी बहीण नव्हती. मी काय निवडायचं होतं, तू सांग. तू शिकलेली आहेस."

त्यानं घराण्यासाठी मला ठेवून घेतलं आणि मी घराण्याला वह्यांच्या चळतीखेरीज काही दिलं नाही. मला मूल नाही हे तिथं कोणी बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती, माझ्यामागे कोणी उभं नव्हतं.

मी आईला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, त्या दिवशी धुवायला काढलेल्या माझ्या झग्यावर निळी बोटं उमटली होती. तिनं ती लिंबू चोळून घालवली. "तुला विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस," ती म्हणाली, "मग तू गेली असतीस, आणि तो तुझ्यामागे गेला असता. एकाला तरी घरी ठेवायचं होतं मला." अठ्ठावीस वर्षं प्रत्येक सुट्टीत आम्ही दोघी एका ताटात जेवलो, बोआदू, आणि दोघींनी एकमेकींना काही सांगितलं नाही.

पुजारी बिचारा अंडी हातात धरून उभा होता. शेवटी त्यानं विचारलं, "मग अपराध कोणाच्या नावानं धरायचा?"

"माझ्या," मामा म्हणाला. "मी लवकर मरेन, शिक्षा थोडक्यात आटपेल."

म्हातारे हसले. पण मामा पुढे बोलला ते हसण्यासारखं नव्हतं, आणि ते मी जसं ऐकलं तसंच लिहिते. तो म्हणाला की पंच बसले त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यानं तुला कोठीत बोलावून दोरी दाखवली. तुला सगळं समजावलं, घराणं, मुलगी. तू ऐकून घेतलंस. म्हणालास, ठीक आहे, मी जातो, पण तिनं एकदा मला येऊन सांगावं, मी केलं म्हणून. पंचांना नको, मला. मामा म्हणाला, सांगेल. पंच उठल्यावर तू दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत लॉरी अडवून ठेवलीस, चालकाला चाक सैल आहे म्हणून. चाक सैल नव्हतं. मी त्या वेळी घरात वही लिहीत होते. तळलेल्या केळ्यांविषयी.

पुजाऱ्यानं जिन ओतली. तुझं पूर्ण नाव घेतलं, पूर्वजांची घेतली, आणि या माणसाच्या हातून पाण्याला काही झालेलं नाही, असं तीनदा म्हणाला. अंडी पाण्यात सोडली. पलीकडून पाहुण्यांची मोटारबोट गाणी लावून गेली, तिच्या लाटेनं अंडी माझ्या पायाशी परत आली. पुजारी वैतागून म्हणाला, थांबा, आणि ती बोट जाईपर्यंत आम्ही सगळे थांबलो. मग त्यानं पुन्हा सोडली.

तू मागितलंस ते झालं. आई कालपासून दाराच्या बाहेर खुर्ची टाकायला लावते. काल थोडं खाल्लं, आज तेवढंही नाही. तू येशील की नाही हे मी विचारत नाही, विचारायचा हक्क मी घालवला. दिवस थोडे आहेत, एवढं कळवते.

अमेगाशींना बोसुम्त्वीची खोली पाठवली. पुस्तकात असते ती, पंचाहत्तर मीटरच्या आसपास.

सेरवा


न्सुआनो,
बुधवार, १२ मार्च २००३

बोआदू,

आत्ता ओपोकू चालत खाली आला. घामानं भिजलेला. म्हणाला, "मॅडम, येजीहून सामान आणलंय, पण ते उतरत नाहीये." लॉरी वर कड्यावर उभी आहे, संत्री विकणारीच्या छपराजवळ, आणि तू आत बसला आहेस, तळ्याकडे तोंड करून. पत्रं दोनदा वाचलीस म्हणे. ओपोकूनं म्हटलं, मास्टर, झालं ना आता, चला. तू म्हणालास,

"तळ्याला सांगितलं, मामाला सांगितलं, कागदाला सांगितलं. मला अजून कोणी काही सांगितलेलं नाही."

हे त्यानं पुन्हा तुझ्याच आवाजात म्हणून दाखवलं. या वेळी मी त्याला रागावले नाही.

तू म्हणतोस ते बरोबर आहे. फेरीबोटीपाशी मी सात पावलं आधी वळले, त्याचंही तुला कागदावरूनच कळलं. मी ओपोकूला पाणी दिलं, म्हटलं, दहा मिनिटं बस, उत्तर लिहून देते, वर घेऊन जा. आणि हे लिहायला बसले. काय लिहायचं ते सुचेना म्हणून खोली, वाव, शाई, सगळं पुन्हा मनात जुळवत होते. आईनं दारातून विचारलं, काय करतेस?

मी म्हटलं, उत्तर लिहिते.

ती म्हणाली, "पाय कोणाचे सुजलेत? माझे की तुझे?"

ओपोकू पाण्याचा पेला घेऊन भिंतीकडे बघत बसलाय. हे इथंच थांबवते. चढ अर्ध्या तासाचा आहे, मला थोडा जास्त लागेल. लॉरी अडवून ठेव.